अळ्यांच्या तेलावरची लाँच

११ नोव्हेंबर

थोरलीनं आज तिच्या तेलाचे पहिले कॅन धक्क्यावर आणून ठेवले. सारंगानं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "मिस्त्री, याला तर तळणीच्या तेलासारखा वास येतोय. वर पॅसेंजरना भूक लागायची."

सारंग म्हणजे आमच्या लाँचचं सुकाणू धरणारा. तो वर, मी खाली इंजीनखोलीत, आणि मधे एक दोरी. त्यानं दोरी ओढली की माझ्या डोक्यावरची घंटा वाजते. एकदा वाजली की पुढे, दोनदा म्हणजे थांब, तीनदा म्हणजे मागे. नदीच्या या काठावरून त्या काठावर आणि परत, उभं आयुष्य आम्ही दोघं असंच बोलत आलोय. तोंडानं फारसं बोलावं लागत नाही, तेवढंच सुख.

तर तेल. आमची थोरली पोर चांगली नोकरी सोडून घरी आली ती हा उद्योग घेऊन. बाजाराच्या मागचं एक जुनं गोदाम घेतलंय, तिथं काळ्या माश्या पाळते. माश्या अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या निघतात, अळ्यांना बाजारातला सडका भाजीपाला घालायचा. खाऊन टम्म झाल्या की वाळवायच्या, घाण्यात पिळायच्या आणि निघेल त्या चरबीचं डिझेल करायचं. झुरळ दिसलं की स्टुलावर चढणारी ही पोर. बापानं यावर काय बोलावं?

मालकांनी कबूल केलंय ते एवढंच: हिवाळाभर ही एक लाँच तिच्या तेलावर चालवून बघू. नीट चालली तर उन्हाळ्यापासून तिन्ही लाँच तिच्या तेलावर. नाही चालली तर अळ्या घेऊन घरी बसायचं. आणि नीट चालली की नाही ते ठरवणार मी. "मिस्त्रींचा कान सांगेल ते खरं," असं मालक सगळ्यांसमोर म्हणाले. पोरीचं सगळं माझ्या कानावर टाकलं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर

व्हायचं तेच झालं. भर नदीत इंजीन गुदमरलं. फिल्टर उघडला तर आत काळा चिखल. पॅसेंजर वरून वाकून बघतायत, कुणी विचारतंय, अळ्या अडकल्या काय. नवा फिल्टर घातला, हवा काढली, हात कोपरापर्यंत बरबटले.

संध्याकाळी थोरलीला झापलं. ती म्हणे, "बाबा, मी आधीच सांगितलं होतं. हे तेल टाकीतली जुनी घाण सोडवतं. सुरुवातीला फिल्टर पटापट भरणार. रबरी नळ्याही बदलून घ्या म्हणाले होते." कधी सांगितलं? बायकोला विचारलं तर हीही म्हणते, "जेवताना सांगितलं, तुम्ही मान हलवलीत." मी जेवताना मान हलवतो ती आमटीला हलवतो.

हल्ली पोरगी बोलते पण कशी, तोंडातल्या तोंडात. इतकी शिकली आणि शब्द नीट सुटे करायला शिकली नाही.

१४ नोव्हेंबर

फिल्टर. परत फिल्टर. एक नळी मऊ पडून पाझरायला लागली, तीही बदलली. अंग आंबून गेलंय. आज जास्त लिहवत नाही.

२० नोव्हेंबर

टाकी आतून स्वच्छ झाली असावी. परवापासून फिल्टर भरला नाही. धूर पातळ झालाय, डोळे चुरचुरत नाहीत, हे तर मला पहिल्या दिवसापासून जाणवतंय.

पण आजची गोष्ट वेगळी. दुपारच्या फेरीला गर्दी नव्हती, म्हणून लांब पेचकस इंजीनच्या ब्लॉकला टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसलो. मग पेचकस काढून नुसतं ऐकलं. किती वर्षांत असं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. इंजीनची खटखट गेलीय. ती तेल फवारणाऱ्या नोझलची टिकटिक, व्हॉल्व्हची कुरकुर, ज्यापायी मी उभा जन्म कपाळाला आठ्या घालून वावरलो, ती सगळी गेली. खाली राहिलाय तो नुसता घुमारा, मऊ, गोधडीतून आल्यासारखा. मला खरं वाटेना. फिरून फिरून ऐकलं.

या वयात इंजीन माझ्यावर प्रसन्न झालं म्हणायचं. थोरलीला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "नक्की, बाबा?" असं काहीतरी म्हणाली. म्हटलं, तुझ्या शिक्षणापेक्षा माझा कान जुना आहे.

२४ नोव्हेंबर

मालक खूश. त्यांनी लाँचच्या बाजूला पाटी रंगवून घेतली: शांत इंजीन, स्वच्छ धूर. त्यांचा आवाज भरदार आहे, बोलणं कसं घंटेसारखं साफ. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या शब्दावर पाटी लावली हं."

रोज फेरीला येणारे एक पेन्शनर आहेत. ते पाटी वाचून मला म्हणाले, "कसली शांत हो? पेपर वाचता येत नाही एवढा गोंगाट आहे." काही लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

२८ नोव्हेंबर

सुट्टी. थोरली गोदाम बघायला घेऊन गेली. नाकाला रुमाल लावून गेलो, पण वास वाटला होता तेवढा नाही. पसरट ट्रे एकावर एक रचलेत, प्रत्येकात अळ्या खदखदतायत. बाजूला जाळीचा पिंजरा, त्यात काळ्या माश्या. या माश्या म्हणे काही खातच नाहीत. अळी असताना जे खाल्लं त्यावर चार दिवस जगायचं, अंडी घालायची आणि मरायचं. मला त्यांचं वाईट वाटलं. सांगितलं असतं तर पोरगी हसली असती.

मग तिनं मला एका ट्रेपाशी उभं केलं. शंभर माणसं एकदम जेवायला बसल्यावर व्हावा तसा आवाज येतो म्हणे अळ्यांचा, तव्यावर तेल चरचरल्यासारखा. माझ्या खांद्याला धरून मला खाली वाकवलं आणि खूण केली, ऐका. मी ऐकलं. म्हटलं, "आज भूक नसेल त्यांना."

ती हसली नाही. रुमालानं हात पुसत बसली, हात कोरडेच होते तरी. तिच्या घाण्याकडे बघितलं, पिळून काढलेली चरबी बघितली. गार झाली की तुपासारखी पांढरी थिजते. ती म्हणाली, खरी काळजी याचीच आहे, थंडीत पाइपात थिजली तर. मग परत येताना सबंध रस्ता ती दोन पावलं पुढे चालत राहिली. मला वाटतं तिला जास्त कौतुकाची अपेक्षा होती. मला तोंडदेखलं बोलता येत नाही, काय करणार.

५ डिसेंबर

सारंगाला नवीन खोड लागलीय. घंटेची दोरी ओढतो आणि वर फळीवर टाच आपटतो. दोन घंटा तर दोन टाचा. माझ्या डोक्यावर धूळ पडते. कधीकधी तर पठ्ठ्या घंटा वाजवतच नाही, नुसत्या टाचा. आज विचारलं, "घंटेला काय दृष्ट लागली का रे?" तर म्हणतो, "थंडीनं पाय आखडतात, मोकळे करतो." त्याचा आवाज घोगरा, तो बोललेलं मला एका खेपेत कळतं. माणसानं असं बोलावं.

म्हटलं, पाय मोकळे करायचेत तर धक्क्यावर कर, डेक फुटला तर मालक दोघांना नदीत ढकलतील.

९ डिसेंबर

धाकटीचा फोन होता सासरहून. नव्या फोनचा आवाज भिकार आहे, सगळं बर्फात पुरल्यासारखं येतं. मी "हो हो, बरं बरं" म्हणून फोन हिच्या हातात दिला. नंतर कळलं की ती विचारत होती, बाबा, तुम्ही कधी येताय. ती रुसली म्हणे. आता हो हो म्हटलं यात रुसण्यासारखं काय आहे?

हीसुद्धा बदललीय. कमी बोलते. आणि बोलायचं असलं की आधी जवळ येऊन खांद्याला हात लावते, मग तोंडासमोर उभी राहते. लग्नाच्या नवलाईतही हिनं इतक्यांदा खांद्यावर हात ठेवला नव्हता. म्हटलं, काय विशेष? तर डोळ्याला पदर लावून आत गेली. बायकांचं मला कधी कळलं नाही आणि आता कळायची उमेदही राहिलेली नाही.

१८ डिसेंबर

थंडीनं कहर केलाय. सकाळी इंजीन सुरू होईना. तेल फिल्टरात थिजून लोणी झालेलं. आम्ही किटलीनं गरम पाणी ओतून फिल्टर शेकला तेव्हा कुठे पहिली फेरी सुटली. थोरली दिवसभर खाली माझ्याबरोबर होती. इंजीन थंड ठेवून बाहेर पडणारं जे गरम पाणी असतं, त्याची तांब्याची नळी तिनं फिल्टरभोवती गुंडाळून घेतली. जोड मीच मारले. दोघांनी मिळून काम केलं, फारसं न बोलता. बरं वाटलं.

मग तिनं मोबाइल काढला. त्यात आवाज मोजायची सोय आहे. इंजीनपाशी धरला, आकडा बघितला. आधी जुनं डिझेल असतानाही तिनं मोजून ठेवलं होतं. आकडा जवळपास तोच. दोनदा, तीनदा धरला, तोच. मी म्हटलं, "यंत्राला काय कळतं? मोबाइल बिघडलाय तुझा." तिनं माझ्याकडे बघितलं, मोबाइल खिशात टाकला आणि मोठ्यांदा म्हणाली, "राहू दे, बाबा. बिघडलाच असेल."

वाद घातला नाही. ही वाद न घालणारी पोर नव्हे. दमली असेल.

२१ डिसेंबर

आज पहाटेच्या गारठ्यातही, नळीत किटलीभर गरम पाणी सोडताच, इंजीन झटक्यात सुरू झालं. नळीची युक्ती लागू पडली. बाकी काही नाही.

२ जानेवारी

हिनं आज विषय काढला. हात धरून समोर बसवलं आणि म्हणाली, "एकदा कान दाखवून या ना." मी तडकलो. म्हटलं, माझ्या कानाला काय झालंय? मळ साठला असेल, तेल घालतो. तर म्हणते, पोरगीपण म्हणत होती.

हे मात्र डोक्यात गेलं. पोरीला कळत नाही का? मालकांनी काय शब्द दिलाय? मिस्त्रींचा कान सांगेल ते खरं. उद्या मला कानाच्या डॉक्टरच्या पायरीवर बसलेलं कुणी बघितलं, की संपलं. मालक म्हणतील, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या शब्दावर पाटी रंगवली? तेल जाईल, गोदाम जाईल, पोरगी परत कुणाच्या तरी ऑफिसात मान खाली घालून बसेल. तिच्यासाठीच मी ठणठणीत असायला हवं. हे बोलून दाखवलं नाही. नुसता ओरडलो. मग दिवसभर आपलंच तोंड कडू झालेलं.

कान ठीक आहेत. लोक हल्ली नीट बोलत नाहीत, एवढंच.

९ जानेवारी

मालक खाली येऊन गेले. नोझल काढून दाखवायला सांगितलं नाही, नुसते उभे राहिले, "आवाज कसा?" म्हणाले. म्हटलं, "लोणी." त्यांनी पाठ थोपटली. उन्हाळ्याचं जवळजवळ पक्कं म्हणायला हरकत नाही.

१६ जानेवारी

सारंग तापानं पडलाय. त्याच्या जागी बदली माणूस होता, पलीकडच्या लाँचवरचा. शहाणा वाटला. सुटायच्या वेळी वरून वाकून हातानंच 'चल' अशी खूण केली.

सकाळच्या फेरीला समोरचा धक्का आला असावा असं मला अंदाजानं वाटत होतं. घंटेची वाट बघत लीव्हरवर हात ठेवून उभा होतो. थांबायची घंटा झाली नाही. मागे घ्यायची झाली नाही. आणि एकदम लाँच धक्क्यावर जाऊन आदळली. मी पंपावर फेकला गेलो. वर आरडाओरडा. एक बाई पायऱ्यांवरून पडली. शिवणकाम करते, गठ्ठा घेऊन रोज येते. उजव्या हाताचं मनगट मोडलं.

बदली सारंग वरून खाली येऊन माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडत होता. काय ओरडत होता देव जाणे.

१७ जानेवारी

मालकांच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. बदली सारंग शपथ घेऊन सांगतो, दोन घंटा दिल्या, मग तीन, मग दोरी तुटेस्तोवर ओढली. मी म्हटलं, एकसुद्धा वाजली नाही. ते पेन्शनर आले होते. म्हणाले, आम्ही सगळ्यांनी ऐकली, घंटा घणघणत होती. मी म्हटलं, सगळे मिळून माझ्यावर उठलात काय? माझा तोल गेला. लाँचवरची चाळीस माणसं खोटं कशी बोलतील याचा विचार करण्याइतकंही भान नव्हतं मला.

मग थोरली उठली. खिडकीकडे तोंड करून मालकांशी बोलली, हळू आवाजात. मला अक्षर कळलं नाही. मालकांचा चेहरा मात्र उतरत गेला. ती बसली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याच तोंडून ऐकलं हे बरं झालं. पोरी, मग हे तेल बंद. आजपासून. पाटी पुसून घेतो."

मी विचारलं, काय बोलली ती? मालक म्हणाले, "मिस्त्री, तुमचा दोष नाही. तेल गारठ्यानं पाइपात थिजलं, इंजीननं वेळेवर ऐकलं नाही, असं तीच सांगतेय."

हे साफ खोटं आहे. तेल थिजलं असतं तर इंजीन मेलं असतं, धक्क्याला ठोकर मारायचा जोर कुठून आणला असता? काल ते सकाळपासून एकदाही अडखळलं नाही. फिल्टर कोमट होता, मी हात लावून बघितला होता. आणि हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

१८ जानेवारी

तिला गाठून विचारलं. का? इतके महिने घाण उपसलीस, आणि आपल्याच हातानं स्वतःच्या पायावर धोंडा? ती ट्रे धूत होती. मान वर केली नाही. ओठ हलले, पण मला काही कळलं नाही. मी ओरडलो, ती उठून गेली.

ही दिवसभर रडतेय. दोघींना काहीतरी माहीत आहे आणि मला कुणी सांगत नाही. घरात मीच परका.

२० जानेवारी

सारंग बरा होऊन आला. मी त्याला धक्क्यावरून सरळ लाँचवर नेलं. म्हटलं, वर जा आणि घंटा वाजव. इंजीन बंद आहे, सगळं शांत आहे, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. आणि टाच आपटायची नाही. तो "जाऊ दे रे" म्हणायला लागला. मी हातच जोडले.

तो वर गेला. मी खाली घंटेसमोर उभा राहिलो. दोरी ताणली गेली. घंटा हलली. आतला लोळा इकडून तिकडे आपटत होता. मी बघत होतो. आवाज नव्हता. दोरी परत ताणली गेली, परत हलली, तीनदा. मी पुढे होऊन घंटेला हात लावला. पितळ बोटांखाली थरथरत होतं. खाली इतकं शांत होतं की मला वाटलं, मी मेलो बिलो की काय.

सारंग खाली उतरला आणि तेलाच्या डब्यावर बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सुरुवात गेल्या पावसाळ्याच्याही आधी. घंटा गेली ती या थंडीत. जाड आवाज तुला येतात. बारीक येत नाहीत."

"म्हणून टाचा?"

"फळी हादरली की तुला कळायचं."

"सांगायचं तरी."

"सांगून काय? तू घरी बसला असतास. मग मी कुणाबरोबर लाँच चालवू?"

खटखट गेली, ती माझ्यातून गेली. इंजीन तसंच्या तसं आहे. मी पोरीला, मालकांना, सगळ्या पॅसेंजरांना माझं बहिरेपण शांत इंजीन म्हणून विकलं. पोरीला अळ्यांच्या ट्रेपाशीच कळलं असणार. म्हणून त्या दिवशी ऑफिसात तिनं दोष तेलावर घेतला. तेल वाईट ठरलं तर तेल जातं. कान वाईट ठरला तर बाप जातो.

लाज वाटते. त्याहून जास्त, पोरीनं मला एवढं सांभाळावं असं मी काय केलं होतं, हे कळत नाही.

२१ जानेवारी

सकाळी आधी त्या शिवणकामवाल्या बाईंच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला. म्हटलं, चूक माझी होती, घंटा मला ऐकू आली नाही. त्या बोलल्या बऱ्याच. कळलं थोडंच, पण चेहरा कळला. ऐकून घेतलं. तेवढं त्यांचं देणं होतं.

मग मालकांकडे. म्हटलं, "तेल थिजलं नव्हतं. घंटा वाजली होती. मी बहिरा झालोय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आवाज गेला, लोणी झालं, ते सगळं…"

"ते माझ्या कानातलं. धरू नका."

"मग मी कशावर विश्वास ठेवू, मिस्त्री?"

"माझ्यावर नको. पलीकडच्या लाँचच्या मिस्त्रीला बोलवा. नोझल काढून तुमच्या डोळ्यांनी बघा. ऐकायचं काही नाही त्यात."

त्यांनी तिथल्या तिथे बोलावलं. नोझल काढून फडक्यावर मांडली. काजळीचा थर नाही. इतक्या फेऱ्यांनंतर जुन्या डिझेलवर कोळशासारखी निघाली असती. तो मिस्त्री माझ्याशी फारसं पटवून न घेणारा, पण त्यानंही मान डोलावली. इंजीन सुरू करून ऐकलं आणि मालकांना म्हणाला, खटखट आहे तेवढीच आहे, पण ठोका सरळ आहे.

मालकांनी नोझल हातात फिरवून फिरवून बघितलं. मग माझ्याकडे वळले, सावकाश, मोठ्यांदा बोलले. तेल चालू राहील. उन्हाळ्यापासून तिन्ही लाँच. पाटीवर फक्त स्वच्छ धूर ठेवू, शांत काढून टाकू. आणि मी आजपासून खाली उतरायचं नाही. चाळीस माणसांचा जीव असतो वर, मिस्त्री, म्हणाले. बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि इतक्या मायेनं नसतं केलं.

पेचकस, पाने घेऊन घरी आलो. सारंग धक्क्यावर पाठ करून उभा होता. मीही हाक मारली नाही.

२२ जानेवारी

थोरलीला मालकांकडून कळलं. दुपारी तरातरा घरी आली. मी ओसरीवर बसलो होतो. ती दारातूनच बोलायला लागली, चपलाही काढल्या नव्हत्या. हात हलत होते, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. रागावली होती एवढं दिसत होतं. तेल वाचलं तरी का रागवावं, ते समजेना.

महिनोन्‌महिने अशा वेळी मी "हो हो" म्हणून मोकळा झालोय. आज म्हटलं, "थांब. मला ऐकू येत नाहीये. जवळ येऊन सांग."

ती थबकली. बापाच्या तोंडून हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग येऊन शेजारी बसली, परत बोलली. कळलं नाही. परत विचारलं. तिनं डोळे पुसले, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, तोंड कानाशी आणलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"तुम्ही त्या धुरात जन्म काढलात म्हणून मी हे तेल केलं, बाबा. आता तुम्हीच खाली नसणार, तर केलं कुणासाठी?"

ती बराच वेळ तशीच बसून राहिली, तोंड माझ्या कानाशी. आणखी काही सांगत होती की नुसती रडत होती, ते मला सांगता येणार नाही.